उलटं मिशन

डेन्व्हरला पोचून आम्हाला चार दिवस झाले होते. पोटातलं घड्याळ अजून यवतमाळच्याच वेळेवर चालत होतं. दुपारी जेवायला बसलो की मध्यरात्र व्हायची आणि पहाटे तीनला दुपारच्या चहाची तलफ यायची. अशा पेंगुळल्या अवस्थेत शेजारचं जोडपं भेटायला आलं. दोघंही सत्तरीच्या आसपास, गुलाबी, टवटवीत, हातात घरचा केक. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की नोव्हेंबर संपला की ते दीड वर्षासाठी फिलिपिन्सला निघणार आहेत, ‘सीनियर मिशनरी’ म्हणून.

सीनियर म्हटलं की मला एस्टीचं अर्धं तिकीट आठवतं. ही भानगड काय, ते मुलानं नंतर समजावून सांगितलं. ते मॉर्मन पंथाचे. पोरंबाळं मार्गी लागली, नोकरी संपली, की त्यांच्यातली कितीतरी जोडपी स्वतःच्या खर्चानं परदेशी जातात. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत. कुणी तिथल्या कचेरीत बसतं, कुणी शिकवतं, कुणी दवाखान्यात मदत करतं. आपल्या सणावारासकट, गुडघ्यांसकट, औषधांच्या डबीसकट जायचं आणि पडेल ते काम करायचं.

हिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग आपल्यासारखंच की. फरक येवढाच, त्यांले देवानं बोलावलं, आपल्याले सुनेनं.”

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण मनुष्यप्राण्याच्या स्थलांतराची इतकी नेमकी व्याख्या कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचली नव्हती.

तसा यवतमाळच्या माणसाला मिशनरी नवा नाही. अमेरिकेतल्या फ्री मेथॉडिस्ट चर्चचं पहिलं जोडपं, अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड, १८८१ साली भारतात उतरलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्या मिशनचं बस्तान आमच्या गावात बसलं. मग उमरीला दवाखाना झाला. आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांनी आपला पहिला श्वास आणि पहिलं इंजेक्शन तिथंच घेतलेलं. १९५३ मध्ये यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली, देशभरातून विद्यार्थी शिकायला येऊ लागले आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. यवतमाळात जे काही चांगलं निघतं ते शेवटी पुण्याला जातं. आमचे चिरंजीवही आधी पुण्यालाच गेले होते.

लहानपणी मिशन कंपाउंडातली एक मडम मला फार अद्भुत वाटायची. तिचं मराठी पुस्तकातून आलेलं, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध. दूधवाल्याला ती विचारायची, “आज आपण विलंबाने का आलात?” आणि तो म्हणायचा, “म्हैस अडून राहिली नं बाई.” मडम पुन्हा पुस्तकाकडे. म्हशीचं हे ‘अडून राहणं’ कुठल्या काळात बसतं ते तिला सापडलं नसावं. आम्हालाही शाळेत सापडत नव्हतं, पण आम्हाला मार खाऊन चालवून घ्यावं लागे.

नाताळात आम्ही पोरं तिच्या फाटकाशी घुटमळायचो, कारण केकचा तुकडा मिळायचा. तिच्या दिवाणखान्यात झाड उभं असे. तिच्या देशातलं सूचिपर्णी झाड इथं कुठलं मिळायला, कुंडीतल्या कसल्याशा झुडपावर भागवलेलं. पण त्याच्यावर बर्फ मात्र असायचा. जिनातून आणलेला, सरकी काढलेला, स्वच्छ पांढरा कापूस. तेव्हा बाहेर दुपारी शर्ट काढावासा वाटे इतकं ऊन. मी घरी येऊन सांगितलं, की गोऱ्या लोकांत देवाच्या झाडाला कापूस लागतो. आजोबा म्हणाले, “मंग त्यांलेही कर्ज असन.”

या माणसांनी आमचे उन्हाळे कसे काढले देव जाणे. दक्षिणेत कोडाईकनालला अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ मध्येच बंगले बांधून ठेवले होते, ते उन्हाच्या आणि तापाच्या धाकानं. यवतमाळच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला प्रेमाचा संदेश देत फिरायचं म्हणजे खायचं काम नाही. आम्ही त्या महिन्यात सख्ख्या भावालाही बरा संदेश देत नाही.

आमच्या मिशनची सामग्री अशी : तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा. त्यांत सरगुंडे, मुगवड्या, ज्वारीच्या पापड्या, कुरड्या, तीन प्रकारची लोणची, मुसळीनं कुटलेलं तिखट, आणि सातव्या वर्षात पदार्पण केलेल्या नातीसाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला, टीचभर उंच. विमानतळावर बाकी सगळं सुटलं, बैल अडला. मुलानं बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. अधिकाऱ्यानं बैल उलटा केला, पोटावर टकटक केली, भोकंबिकं आहेत का पाहिलं. लाकडातून किडे येतात म्हणे.

“हे कशासाठी?”

“सण आहे,” मी म्हणालो.

“कुणाचा?”

“बैलाचा.”

“त्या दिवशी बैल काय करतो?”

“काही नाही. सुटी असते त्याला.”

त्यानं बैलाकडे आणि मग स्वतःच्या घड्याळाकडे फार हेव्यानं पाहिलं आणि बैल परत दिला. लोणच्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. त्या बरण्यांत नागपूर ते डेन्व्हर पेट घेईल असं तिखट होतं, पण धोका कशात असतो हे ओळखणं सगळ्यांना साधत नाही.

पुढे मला कळलं की बैलाच्या सुटीत आणि अमेरिकेत फारसं अंतर नाही. तिथला कामगार दिन एक मेला नसतो, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो. २०२४ साली तो दोन सप्टेंबरला आला, आणि नेमका त्याच दिवशी पोळा. दोन्ही गोलार्धांतल्या राबणाऱ्यांना एकदम सुटी. सलग तीन दिवस मिळाले म्हणून मुलानं यलोस्टोन काढलं.

डेन्व्हरहून गाडीनं नऊ-दहा तास. १८७२ मध्ये राखलेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, असं मी कितीतरी पिढ्यांना फळ्यावर लिहून दिलं होतं. तिथं उभा राहिलो तेव्हा खडूचा हात शर्टाला पुसावासा वाटला. ‘ओल्ड फेथफुल’ नावाचा गरम पाण्याचा फवारा साधारण दीड तासानं उडतो. पुढचा कधी उडणार ती वेळ पाटीवर लावलेली असते, दहा मिनिटं इकडे तिकडे. बाकांवर हजारभर माणसं श्वास रोखून बसलेली. मला आमची शकुंतला आठवली. यवतमाळ ते मूर्तिजापूर, छोट्या रुळांची गाडी. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. वाफ तीच, शिट्टी तीच. तिचीही आम्ही अशीच बाकावर बसून वाट पाहायचो. फक्त तिच्या बाबतीत दहा मिनिटं इकडे तिकडे असं लिहायची छाती कुठल्याच स्टेशनमास्तरला झाली नाही.

फवारा उडाला. शंभर-सव्वाशे फूट तरी गेला असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “चांगलं आहे. पण आंघोळ कुठं करतात?”

पैनगंगेपल्याड उनकेश्वरला गरम पाण्याची कुंडं आहेत. माणसं तिथं खरूज-नायट्यासाठी मुक्काम ठोकून अंघोळी करतात आणि शंकराला हात जोडतात. जे पाणी अंगावर घेता येत नाही ते नुसतं उडून उपयोग काय, हा हिचा मुद्दा. सुनेनं सांगितलं की इथलं पाणी उकळतं, हात घातला तर भाजतो. “मंग चहा करा,” ही म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

तिचं लक्ष खरं तर दुसरीकडे होतं. आदल्या संध्याकाळी हेडन व्हॅलीत गवे दिसले होते. म्हणजे बायसन. नऊशे किलोपर्यंत भरणारे, गळ्याशी दाढी, आणि खांद्यावर असं वशिंड की आपला खिल्लारी त्याच्यापुढे शिकाऊ उमेदवार वाटावा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. हिनं पर्समधून हळदीची पुडी काढलेली मी पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. नियम असा आहे की बायसनपासून पंचवीस यार्ड लांब राहायचं, अस्वल-लांडग्यांपासून शंभर यार्ड. दरवर्षी कुणीतरी फोटोसाठी जवळ जातं आणि शिंगावर बसून परत येतं. शिवाय एवढ्या खांद्याला लोणी पुरवायचं म्हणजे एक डेअरीच सोबत हवी होती.

पण हिनं काच दोन बोटं खाली केली, पंचवीस यार्डांवरूनच हळदीची चिमूट सोडली, हात जोडले आणि आवतण दिलं. शुद्ध वऱ्हाडीत. तो महाकाय प्राणी चरायचा थांबला, त्यानं मान वर करून आमच्या गाडीकडे पाहिलं आणि शेपटी उचलली. शेपटी उचलणं हे चांगलं लक्षण नसतं असं माहितीपत्रकात होतं. मुलानं गाडी काढली. “येतो म्हणाला,” ही म्हणाली.

परतल्यावर पुढच्या शनिवारी अंगणात तान्हा पोळा भरवला. बैल एक, पोरं नऊ. त्यामुळे ज्याच्याकडे बैल नाही त्यानं असेल ते जनावर आणावं असा आदेश निघाला. तोरणाखाली एक डायनोसॉर, एक युनिकॉर्न, दोन अस्वलं, कापडी कुत्रं, आणि एका मुलानं आणलेला ट्रॅक्टर. हा ट्रॅक्टरवाला माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक. यवतमाळात आता तोच खरा बैल. पहिला नंबर डायनोसॉरला गेला. त्याला ओढणीची झूल चढवलेली होती आणि परीक्षक मी होतो. मालकीण दोनदा येऊन माझ्याकडे पाहून हसून गेली होती.

मग पोरं बैल घेऊन बोजारा मागायला निघाली. घरोघर जायचं, दारात उभं राहायचं, यजमानानं पैसा नाहीतर खाऊ हातावर ठेवायचा. शेजारणी चक्रावल्या. सप्टेंबरातच? एका बाईंनी घाईघाईनं चॉकलेटं काढून दिली आणि यंदा हॅलोविन लवकर आलं का, असं विचारलं. नातीनं तिच्या परीनं खुलासा केला. पुढे ऑक्टोबर अखेर तिच्या वर्गात बाईंनी हॅलोविनची माहिती विचारली तेव्हा तिनं सांगितलं म्हणे, की तो भुतांचा तान्हा पोळा असतो. आमच्या मिशनला आलेलं हे पहिलं फळ.

भुलाबाईचं मात्र आधी जमेना. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. गाणी सुनेला पाठ नव्हती, पोरींना कळत नव्हती. खाऊ ओळखण्याचा भाग आला आणि तळघरात एकदम जान आली. पहिल्या दिवशी अंदाज आले ते पिझ्झा, पास्ता, कपकेक. डब्यात होते पाटवडीचे तुकडे. आठ दिवसांत पोरी तयार झाल्या. “तळलेलं की उकडलेलं? गोड की तिखट? आजी, डबा हलवून दाखव!” एकीनं डब्याच्या आवाजावरून मुगवडी ओळखली. तिचे आईवडील दोघेही टेक्सासचे. वॉर्ड जोडप्याला आपल्या पहिल्या वर्षात असं यश लाभलं होतं की नाही, शंका आहे.

एव्हाना शेजारच्या जोडप्याशी माझी कुंपणमैत्री जमली होती. ‘हाऊ आर यू’ हा प्रश्न नसतो, हे कळायला मला दोन महिने लागले. तोपर्यंत मी गुडघ्याचं, पित्ताचं आणि महागाईभत्त्याच्या थकबाकीचं सविस्तर उत्तर देत होतो. शेजारी बिचारे झारी हातात धरून ऐकायचे. फिलिपिन्सला त्याचा उपयोग झाला असेल.

एकदा त्यांनी विचारलं, तुमच्याकडे रानात काय आहे? मी टिपेश्वरचं सांगितलं. पांढरकवड्याजवळचं आमचं अभयारण्य, दीडशेएक चौरस किलोमीटर. तिथला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला तो चालतच राहिला. शेतं, नाले, महामार्ग ओलांडत, तेलंगणातही डोकावून, डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटर! गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं. जून ते डिसेंबर, अगदी आमच्यासारखा. आमच्या पासपोर्टात सहा महिन्यांचा शिक्का, त्याच्या गळ्यात पट्टा. कुणी कुठं हिंडतंय हे सरकारला कळल्याशी कारण. तो जोडीदारीण शोधायला निघाला होता असं तज्ज्ञ म्हणतात. मी माझीला सोबत घेऊन निघालो होतो, त्यामुळे माझं चालणं कमी झालं.

“आणि वाघिणी?” शेजाऱ्यांनी विचारलं. मग २०१८ ची अवनी सांगावी लागली. पांढरकवडा-राळेगावच्या रानातली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते आणि त्या गावांनी ती दोन वर्षं कशी काढली ते मी पाहिलंय, तेव्हा हा हसण्याचा विषय नाही. शेवटी नोव्हेंबरात ती गोळीनं मेली. पण त्याआधी तिला बाहेर काढायला जे जे उपाय केले त्यांत एक अमेरिकन अत्तर होतं. कॅल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन फॉर मेन’. मार्जारकुळाला त्या वासाची ओढ असते म्हणून आमच्या पळसाच्या रानात ते शिंपडलं होतं. ज्या तालुक्यात लग्नालासुद्धा माणूस अत्तराचा फाया जपून लावतो, तिथं!

शेजारी एकदम गप्प झाले. मग त्यांनी हळूच स्वतःचं मनगट हुंगलं.

एकतीस ऑक्टोबरला गंमत झाली. त्या दिवशी नरकचतुर्दशी आणि त्याच संध्याकाळी हॅलोविन. पहाटे अभ्यंगस्नान करून आम्ही नरकासुराचा निकाल लावला आणि दिवस मावळताच तो दारात हजर. सोबत दोन चेटकिणी, एक सांगाडा आणि स्पायडरमॅन. सुनेनं आधीच ताकीद दिली होती की सुटा खाऊ द्यायचा नाही, आईबाप फेकून देतात. बंद पाकिटातलाच द्यायचा. हिच्या सात डबे चकल्या-अनारशांचा असा अपमान तिच्या हयातीत झाला नव्हता. तिनं तोंड पाडून पाकिटं वाटली. पण भुलाबाईच्या तळघरातल्या पोरी भूत होऊन आल्या तेव्हा त्यांनी चॉकलेटाची परात बाजूला सारली आणि मुखवटा वर करून विचारलं, “आजी, डब्यात काय आहे?” सांगाड्याला अनारसा फार आवडला. त्याचा आवाज ओळखीचा होता, शनिवारचा ट्रॅक्टरवाला.

दिवाळी सरली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी खिडकीबाहेर सगळं पांढरं. मी भूगोलाचा मास्तर. बर्फाचे प्रकार तोंडपाठ, पण प्रत्यक्ष पाहिलेला बर्फ रसवंतीतला. मी उघड्या तोंडानं बघत राहिलो. ही शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बाप्पा, येवढा कापूस. वेचाले माणसं कुठून आणतीन?” आणि थोड्या वेळानं, “भाव पडन आता.”

त्याच दिवसांत घरी, कळंब रस्त्यावरच्या आमच्या दोन एकरांत, कापूस फुटला होता. भाच्याचा फोन आला होता, पहिली वेचणी करतो म्हणून. आमच्याकडे वेचणीआधी सीतादही करतात. कापसाच्या झाडांशी पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य शेताला द्यायचा, मग बोंडाला हात लावायचा. हिच्या हातून तो इतक्या वर्षांत कधी चुकला नव्हता. स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. बघतो तर ही मुलाचे भलेमोठे बूट, माझी कानटोपी आणि नऊवारीवर सुनेचा कोट चढवून मागच्या अंगणात उतरली होती. वाटीतला दहीभात चिमटीनं बर्फावर सोडत होती. पांढऱ्यावर पांढरा, कुठं पडला तेही दिसेना. कुंपणापलीकडे शेजारी फावड्यानं वाट मोकळी करत होते. ते थांबले. टोपी काढून उभे राहिले, ती परत आत येईपर्यंत. विचारलं काहीच नाही.

थँक्सगिव्हिंगला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. टर्की त्यांच्या वाट्याला, भोपळ्याची गोड पोळीवजा वस्तू आमच्या वाट्याला. जेवणाआधी प्रत्येकानं कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं असतं. आपल्याकडे आभार सगळ्यात शेवटी मानतात आणि तेव्हा सभागृहात कुणी नसतं. सगळे बोलले. ही म्हणाली, पोरगा जेवतोय बरा. मी उगाच हवामानाबद्दल काहीतरी बोललो.

दुसऱ्याच आठवड्यात ते फिलिपिन्सला निघाले. हिनं त्यांना निघण्यापूर्वी बसवून घेतलं आणि अनुभवी मिशनरी या नात्यानं सूचना दिल्या, सुनेनं भाषांतर केलं. गुडघ्याचं तेल हातातल्या पिशवीत ठेवायचं. तिथल्या माणसांनी वाढलेलं नाही म्हणायचं नाही, थोडं खायचं. आपलं जेवण त्यांना रोज वाढायचं नाही, सणाला वाढायचं. आणि शेवटी आंब्याच्या लोणच्याची बाटली, तीन पिशव्यांत गुंडाळून. बाईंनी ती बॅगेत कपड्यांच्या मधोमध, बायबलशेजारी ठेवली. सांडली असेल तर त्या पंथाच्या इतिहासात नोंद झाली असेल.

आम्हीही वीस डिसेंबरला परतलो. चारही बॅगा भरलेल्या. फक्त आता त्यांत बदाम, चॉकलेटं आणि मेपलचं सरबत. हिनं पहिल्याच सकाळी ते धिरड्यावर घातलं. मी काही बोललो नाही. मीसुद्धा भाजीवाल्याला ‘कसा आहेस’ म्हणून उत्तर न ऐकताच पुढे गेलो होतो आणि त्यानं मागून ओरडून सांगितलं होतं, “पोट्टीचं जमलं नं सर!” परत जाऊन सगळं ऐकलं.

नाताळच्या रात्री मिशन कंपाउंडात कागदी चांदणी लागलेली होती. मी फाटकापर्यंत जाऊन आलो. घरी व्हिडिओ कॉल सुरू होता. नातीनं फोन हातात धरून सगळं घर फिरवून दाखवलं. झाड, दिवे, भेटी. झाडाखाली आमचा बैल उभा होता, अंगावर पोळ्याचीच झूल, आणि डोक्यावर सांताची लाल टोपी, शिंगांसाठी दोन भोकं पाडलेली.

“आई, काढायला सांगू का तिला?” मुलानं जरा चाचरत विचारलं.

ही फोनजवळ सरकली, डोळे बारीक करून बघितलं.

“राहू दे,” म्हणाली. “बर्फ पडून राहिला नं तिथं. त्याले थंडी वाजत असन.”